निर्णयसागरी मुद्राक्षर आणि पाठचिकित्सा

मुद्रित ग्रंथाची चिकित्सा करताना मराठीचा अभ्यासक आवृत्ती पाहतो, संपादक पाहतो, प्रस्तावना तर बारकाईने वाचतो. परंतु ज्या अक्षरांतून तो ग्रंथ त्याच्यापुढे उभा राहतो ती अक्षरे कोणाची, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. हस्तलिखिताच्या लेखकुचे वळण पाठनिश्चितीत प्रमाण मानायचे आणि मुद्राक्षर मात्र केवळ छापखान्याची बाब समजायची, ही भूमिका शास्त्रीय म्हणता येणार नाही.

निर्णयसागर छापखान्याचे मुद्राक्षर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झालेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत हा छापखाना काढला. त्याची अक्षरे राणोजी रावजी आरू यांनी कोरली. या अक्षरांचे सौंदर्य नक्षीत नाही. तिरप्या छाटाच्या बोरूने जाड व बारीक रेघेचा जो स्वाभाविक क्रम लाभतो, तो त्यांनी धातूत उतरवला. गोलाई भरदार, दंड ठाम, आणि ओळीचा काळेपणा आरंभापासून अखेरपर्यंत सारखा. ‘बंबइया’ टाइप म्हणून हिंदी मुद्रणातही जे वळण ओळखले गेले, त्याचा हा सर्वांत प्रौढ आविष्कार होय.

या वळणाची खरी कसोटी संस्कृत ग्रंथांत लागली. पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेल्या ‘काव्यमाले’तील सटीक ग्रंथ उघडावा. मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत, त्याखाली टीका लहान अक्षरांत, तळाशी पाठभेद त्याहून बारीक. कोणता शब्द कवीचा, कोणता टीकाकाराचा, हे वाचकाला नजरेनेच कळते. जोडाक्षरे उभ्या मांडणीची असल्यामुळे लांब समासही ओळीत विस्कटत नाही. म्हणजे हे अक्षर संपादनाचेच एक साधन होते. सुबकपणा हा त्याचा आनुषंगिक गुण.

पुढे यंत्रजुळणी आली. लायनोटाइपच्या ९० कळींत देवनागरी बसवायची, तर जोडाक्षरे तोडून अर्ध्या अक्षरांनी काम भागवणे भाग होते. ती तडजोड यंत्राची होती. तिला लिपिसुधारणेचा मान देण्याचे कारण नव्हते. आज ही अडचणही उरलेली नाही. युनिकोडमध्ये ‘क्त’ची नोंद क, हलन्तचिन्ह आणि त अशी होते, तो उभा दिसावा की आडवा, हे फाँट ठरवतो. संगणकीय फाँटमध्ये शेकडो जोडाक्षरे सामावतात. तरीही जुन्या ग्रंथांची पुनर्मुद्रणे हाताशी असेल त्या फाँटमध्ये जुळवली जातात आणि ग्रंथनामपृष्ठावर मुद्रकाचा पत्ता येतो, अक्षराचे नाव येत नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ प्रमाण ठरवले. त्यानंतरच्या काही शैक्षणिक पुस्तकांतही हिंदी वळणाचीच अक्षरे दिसतात, हे विशेषच.

येथे जुन्या खिळ्यांचे कौतुक करण्याचा हेतू नाही. वृत्तपत्राच्या अरुंद रकान्यात निर्णयसागरी उभी जोडाक्षरे दाटतील, आणि पडद्यावर त्यांच्या बारीक रेषा पुसट होतील. मात्र एखाद्या बखरीची किंवा संतकाव्याची संशोधित आवृत्ती सिद्ध करणाऱ्याने मूळ मुद्रणातील जोडाक्षरांचे रूप, चिन्हांच्या जागा आणि आपण वापरलेला फाँट यांची नोंद प्रस्तावनेत करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. पीएच.डी.च्या प्रबंधांत आधारभूत आवृत्तीचे वर्णन असतेच; त्यात या दोन ओळींची भर सहज घालता येईल. मार्गदर्शकांनी मागितल्याखेरीज ती पडणार नाही, हेही उघड आहे.