गिटारही उघडायला हवी

वाद्य आपले केव्हा होते? घरात आणून ठेवले म्हणजे? वाजवता आले म्हणजे? मला वाटते, बिघडल्यावर ते उघडून बघायची छाती आपल्याला होते, तेव्हा ते आपले होते.

पेटीचेच बघा ना. हार्मोनियमचे पेटंट १८४२ साली पॅरिसमध्ये घेतले गेले. म्हणजे जन्माने पक्की फिरंगी, पायाने भाता मारायची! कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला हाताचा भाता बसवला आणि मांडी घालून बसणाऱ्याच्या मापाची केली. पुढे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवले, तरी संगीत नाटकाने तिचा हात सोडला नाही. आपल्या बोरीच्या पं. तुळशीदास बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली ती याच पेटीवर. आणि आज भजनात एखादा सूर अडकला, तर झाकण काढून त्यातला कचरा झटकणारा एक तरी इसम मंडळात असतोच. कोणी त्याला विचारत नाही की बाबा रे, तू हे कुठे शिकलास?

आता त्याच घराच्या कोपऱ्यात मुलांची इलेक्ट्रिक गिटार उभी असते (आमच्याही आहे, कन्येची). ती मात्र पाहुणी. ती तियात्रवाल्यांची, लग्नातल्या बँडची, आपण आपली मुलांच्या हौसेखातर घेतलेली! आवाजाचे बटण फिरवले की खर्र खर्र करते, मधेच आवाज गुल होतो, की लगेच निकाल लागतो: बिघडली, दुकानात टाका. एका दुकानात मला सांगण्यात आले की आतले सगळे वायरिंग बदलावे लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या ना! अशा वेळी बहुतेकजण मान डोलावतात, कारण आत काय आहे ते कोणी कधी पाहिलेलेच नसते.

आत काय आहे? फारसे काहीच नाही. तारांखाली पिकअप असतो: लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. ती दोन-चार बटणांतून आणि एखाद्या कपॅसिटरमधून जॅकपर्यंत जाते. संपले. (काही गिटारींत नऊ व्होल्टचा सेल असतो, त्यांची गोष्ट वेगळी.) या सगळ्यात रोज घासून झिजते ती वस्तू म्हणजे बटणाखालचा पॉट, पोटेन्शिओमीटर. घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी धातूची जीभ. ज्यांच्या घरी आकाशवाणी पणजी ऐकायला मोठा रेडिओ होता, त्यांना ही खरखर नवी नाही. तिथेही हाच पॉट होता. आणि आमच्या खाऱ्या, पावसाळी हवेत धूळ आणि ओल मिळून त्याचे आयुष्य आणखी कमी करतात.

रेडिओ आणि गिटार यांचे हे नाते उगीच जुळलेले नाही. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ साली त्याने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. गिटार वाजवायला तो कधी शिकला नाही! तरी त्याच्याच कारखान्यातून टेलिकास्टर आणि १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर बाहेर पडली, आणि जगभरच्या वादकांनी ती उचलली. त्याने गिटारची मानसुद्धा स्क्रूंनी धडाला जोडली. खराब झाली तर काढा, दुसरी लावा. तेव्हा हे वाद्य उघडण्याने त्याचा अपमान होईल असे समजायचे काहीच कारण नाही.

खरखर आली की लगेच पॉट बदलायला धावू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. पॉटच्या बाजूच्या फटीतून थोडासा मारावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे. धुळीचा दोष असेल तर एवढ्यात भागते. दाराच्या बिजागरीला मारायचे तेल मात्र नको. त्याचा चिकटा राहतो आणि धूळ धरतो.

तरीही ठराविक जागी आवाज तुटतच असेल, तर कार्बन झिजला असे समजावे. मग नवा पॉट, तोही एखाद्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त. सिंगल कॉइल पिकअपला सहसा २५० किलो-ओहमचा, दुहेरी हंबकरला ५०० चा. आकड्याशेजारी बहुधा ए किंवा बी छापलेले असते. ए म्हणजे कानाच्या हिशेबाने चढणारा, बी म्हणजे सरळ चढणारा. जुन्यावर लिहिलेले वाचावे आणि तेच मागावे. दांड्याची जाडी आणि दातेही बघून घ्यावेत, नाहीतर वरचे जुने बटण बसत नाही आणि पुन्हा फेरी पडते.

काही गिटारींना मागे झाकण असते, स्क्रू काढले की पोट उघडे. स्ट्रॅटसारखीला तारा उतरवून पुढची प्लेट उचलावी लागते. वायर सोडवण्यापूर्वी कागदावर चित्र काढावे. मोबाईलने फोटो काढला तरी चालेल, पण हाताने काढलेले डोक्यात राहते. पॉटला तीन पाय असतात, त्यातला एक बहुधा पॉटच्याच पाठीला सोल्डरने जोडलेला. ही पाठ म्हणजे सगळ्यांची अर्थ. तिथले सोल्डरिंगच काय ते अवघड, कारण धातूची पाठ उष्णता पिऊन टाकते. आधी ती पॉलिश पेपरने घासावी, चाळीस वॅटची सोल्डरिंग आयर्न नीट तापू द्यावी आणि तीन-चार सेकंदांत हात उचलावा. रेंगाळले तर नवी कोरी पट्टी आतल्या आत भाजते.

कोणी म्हणेल, अहो, हे मेकॅनिकचे काम, आपण कशाला? माझे भांडण नेमके इथेच आहे. आपण पांढरपेशे. मीही बी.ए. होऊन दिवसभर फायलींवर शेरे मारणारा. आपल्या लेखी वाजवतो तो कलावंत, आणि वाद्य घडवतो तो नुसता कारागीर. मैफलीत तानपुऱ्याच्या गोडव्याला आपण दाद देतो, पण घोडीवर कानस फिरवून ती जवारी लावणाऱ्या हाताचे नाव कोणी विचारत नाही. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आनंद झाला. पण जवारी बिघडली, गावात ती लावणारा कोणी नाही, म्हणून खोळ घालून माळ्यावर गेलेले तानपुरे किती असतील? त्यांच्या जागी बटण दाबले की सुरू होणारा डबा आला. घुमटाला मात्र आपण असे टाकत नाही. चतुर्थी जवळ आली की त्याचे चामडे ताणलेले आहे की सैल, हे आपण स्वतःच वाजवून बघतो.

क्वीन या बँडचा ब्रायन मे याची गोष्ट मला म्हणूनच फार आवडते. (याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी लहानपणी पाचगणीला बोर्डिंगात शिकत होता.) फेंडर परवडत नव्हती म्हणून १९६३ साली ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी घरीच गिटार करायला घेतली. मान केली शेकोटीवरच्या जुन्या लाकडी फळीची, स्प्रिंगा घेतल्या जुन्या मोटारसायकलच्या, आणि पडद्यांच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. वडील सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन! तीच गिटार तो पुढे आयुष्यभर वाजवत आला. आम्हा सरकारी नोकरांना एक पॉट बदलायला काय हरकत आहे?

मात्र दोन ठिकाणी हात आवरावा. गिटार केबलपासून सोडवली की तिच्यात शॉक देण्याजोगे काही उरत नाही. पण ॲम्प्लिफायर उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये, विशेषतः व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये, जीवघेणी वीज साठलेली असू शकते. आणि गिटारच्या तारा ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. जुन्या घरात अर्थिंग नसेल, किंवा देवळासमोरच्या स्टेजवर कोणी प्लगची तिसरी पिन मोडून घुसवली असेल, तर वाजवणाऱ्याच्या बोटांशी काय येईल याचा नेम नाही. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीला लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. तेव्हा पॉटचा खर्च करण्यापूर्वी घरी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. ते घरगुती काम नव्हे.

आणखी एक. जुना पॉट फेकून देऊ नये. गिटार मौल्यवान असेल तर तो तारीख लिहून काड्यापेटीत जपावा. जुन्या वाद्याला मूळच्या भागांमुळे किंमत येते. साधी असेल तर मुलांच्या हाती द्यावा आणि पत्र्याचे कान उचकटून आत बघू द्यावे. काळी पट्टी त्यांना दिसेल, आणि ज्या जागी बटण नेहमी ठेवलेले असायचे तिथली झीजही.