गाणं विकण्याआधी

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकड्या तयार व्हायच्या दूर जर्मनीत, हॅनोव्हरला. आवाज कोणाचा हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून गाणं संपताच बाई स्वतःचं नाव खणखणीत उच्चारत. आज पुण्यात, नांदेडात, मडगावात एखाद्या खोलीत लॅपटॉपवर अख्खा अल्बम तयार होतो. कंपनीची वाट पाहावी लागत नाही, याचा आम्हाला फार आनंद आहे. पण आपलं नाव आणि आपला हक्क नोंदवण्याबाबत ही गुणी मुलं-मुली जी हयगय करतात, तिची तितकीच काळजी वाटते.

वितरकामार्फत गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिकवर चढवताना एक फॉर्म भरावा लागतो. चालीवर महिनोन्‌महिने मेहनत घेणारे तो मध्यरात्री घाईघाईत उरकतात. गीतकाराचा रकाना कोराच राहतो. ढोलकीवाल्याचं नाव कोणी टाकतच नाही. ‘ज्ञानेश’चं रोमन स्पेलिंग एका गाण्यावर ‘डी’नं सुरू होतं, पुढच्यावर ‘जी’नं, मग एकाच गायकाची दोन पानं होतात आणि श्रोते दोन्हीकडे विखुरतात. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच क्रमांक पुन्हा द्यावा लागेल.

गाण्यात हक्क दोन प्रकारचे असतात: शब्द आणि चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. वितरकाकडून मुख्यतः दुसऱ्याचे पैसे येतात. पहिल्यासाठी गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हावं. ही संस्था १९६९ पासून आहे, तरी कित्येक नव्या कवींना तिचा पत्ता नसतो. २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा पक्का झाला. चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळता तो लिहून देता येत नाही. ही दुरुस्ती लढून मिळवलेली आहे. पहिल्या करारावर सही करण्याच्या आनंदात ती विसरू नका.

करार वाचताना मुदत आणि प्रदेश हे दोन शब्द आधी शोधा. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कसलेल्या कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ असं न चुकता लिहून घेतात. ते शब्द खोडून मागायला लाजू नका. नवख्याला दरवेळी ते जमेल असं नाही, पण विचारलंच नाही तर मुळीच जमणार नाही. मित्रामित्रांतही कोणाचा किती वाटा हे ध्वनिमुद्रणाआधीच कागदावर येऊ द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘ओके’वर विसंबू नका. गाणं गाजल्यावर तुटलेल्या जोड्या पाहून जीव हळहळतो.

आता विक्रीचं. नुसत्या स्ट्रीमिंगवर घर चालेल ही आशा सोडा. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. तिथल्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर तेही निदान आठवडाभर आधी. गणपतीचं गाणं चतुर्थीच्या दिवशी आणून काय उपयोग? मंडळांच्या याद्या तेव्हा ठरून गेलेल्या असतात.

मराठी श्रोता प्रत्यक्ष भेटीतून जोडला जातो, असं आमचं ठाम मत आहे. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि गावोगावच्या नाट्यगृहांतून त्यांनी आपला रसिक उभा केला. तिकीट काढून आलेला माणूस अल्बमही घेतो. दाराशी क्यूआर कोड लावा, इच्छुकांचे ईमेल मागून घ्या, पुढच्या अल्बमची आगाऊ नोंदणी तिथेच करा; आम्ही दिवाळी अंकवाले वर्षानुवर्षं तेच करत आलो आहोत. फुकट गायला बोलावणाऱ्यांना नम्रपणे मानधन विचारा आणि आकडा लेखी घ्या.

दिवाळी पहाटेच्या आयोजकांकडेही आमचं एक मागणं आहे. लोकांना पाठ असलेल्या गाण्यांच्या यादीत यंदा एखाद्या नव्या संगीतकाराची दोन गाणी घ्या आणि मानधनाचं पाकीट त्याच सकाळी त्याच्या हाती द्या.