ओढ्यातले अन्न आणि लाज

घरात ओढ्यातला खेकडा शिजला की दार लोटून घेणारी माणसे आपल्यात अद्यापि आहेत. शेजाऱ्याच्या नाकाला वास जाईल, ही धास्ती! त्यांनी अमेरिकेतील लुइझियाना राज्याकडे पाहावे. तेथील पाणथळीत क्रॉफिश नावाचा, झिंग्यासारखा नांगीवाला जीव सापडतो. तो गरिबांचे खाणे, म्हणून प्रतिष्ठित मंडळी नाक मुरडीत असत. १९८३ साली त्याच राज्याने त्याला आपल्या अधिकृत राज्यचिन्हांत स्थान दिले!

जिवंत क्रॉफिश पुष्कळ पाण्याने धुवावयाचे, मेलेले निवडून टाकावयाचे, मग मोठ्या हंड्यात मीठ, तिखट, बटाटे व मक्याची कणसे घालून उकळावयाचे. आणि कागद अंथरलेल्या मेजावर ढीग ओतून सर्वांनी हातांनी सोलून खावयाचे. निराळे ताट नाही. अर्थात, त्या देशातही काळ्या माणसाला गोऱ्यांच्या खाणावळीत बसण्याचा कायदेशीर हक्क १९६४ साली मिळाला, हे आपण तरी कसे विसरावे?

लाज टाकावी, सावधपणा टाकू नये. २००६ ते २०१० या काळात मिसुरी राज्यात नदीतले कच्चे वा अर्धेकच्चे क्रॉफिश खाणाऱ्या नऊ जणांना फुफ्फुसाच्या कृमींची बाधा झाली. आपल्या मणिपुरात कच्च्या खेकड्यांमुळे असाच रोग जडतो, आणि खोकल्यातून रक्त पडते म्हणून तो क्षय समजला जातो. तेव्हा भगिनींनो, नांग्या वाटून काढलेला रस रश्श्यात नीट खळखळून उकळू द्या, आणि तो पाटा स्वच्छ धुतल्यावाचून त्यावर चटणी वाटू नका.