नुसती सुपारी, तरीही घातक

“मी तंबाखूला शिवत नाही. नुसती सुपारी चघळतो, तिने काय होते?” आमच्या कार्यालयातील एक शिपाई बंधू नेहमी असे म्हणत. पुढे त्यांना मिरचीचा ठेचा सोसेना, तोंडाची आग होई. आज त्यांच्या तोंडात जेमतेम एक बोट जाते. भाकरी कुस्करून खावी लागते.

हा गैरसमज आपल्या घराघरांत आहे. सुपारीत अरेकोलीन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे गालाच्या आतील त्वचेखाली कडक तंतू वाढतात, त्वचा पांढरट पडते, तोंड आखडते. सुपारी सोडली तरी हे तंतू सहसा जात नाहीत आणि अशा तोंडात कॅन्सर होण्याचा धोका फार वाढतो. शिवाय अरेकोलीनपासून लाळेत कॅन्सर करणारी द्रव्ये तयार होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरविले. तंबाखूची जोड मिळाली, तर धोका आणखीच वाढतो.

आज घरातील प्रत्येकाने आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात घालून पाहावीत. जात नसतील, किंवा तोंडातील जखम, पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर सरकारी रुग्णालयात दाखवा. सुपारी आजच सोडा. सोडल्याने धोका कमी होतो. आणि माता-भगिनींनो, रडणाऱ्या लेकराच्या हाती गोड सुपारीची पुडी कधीही देऊ नका.