साबणाच्या कागदावरचं नाव

मागच्या मे महिन्यात कर्जतजवळच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरने माझी साबणाची वडी हातात घेतली, वास घेतला, हात धुऊन पाहिले. म्हणाले, "मॅडम, माल एक नंबर. महिन्याला दोनशे वड्या घेतो. फक्त मागे ते नाव छापलंय ना, तेवढं काढा. आमच्याकडे सगळ्या प्रकारचे गेस्ट येतात." माणूस उद्धट नव्हता. त्याने चहाही पाजला.

कर्जतहून खोपोली लोकलने घरी निघाले. पळसदरी येईपर्यंत दोनशे वड्यांचा हिशेब डोक्यात चालू होता. त्यानंतर रडू आलं.

घरी मामूंना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना कशाला विकतेस? कागदावर मोठ्या अक्षरात हलाल लिही. मुंब्रा, भिवंडी, पनवेल, हातोहात जाईल." संध्याकाळी शेजारच्या आगरी घरातली माझी मैत्रीण आली. सुरुवातीपासून ती माझ्यासोबत साबण बनवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "माझं नाव टाकूया ना. तुझं काम तर होईल."

तिन्ही सल्ले माझ्या भल्याचेच होते. पण तिन्हींतून माझं नाव गेलेलं होतं. आधी ते पुसायचं होतं, मग त्याच्या जागी मजहब लिहायचा होता, मग मैत्रिणीचं नाव. त्या रात्रीपासून विचार करतेय आणि आता माझं मत पक्कं झालंय. आपल्यातल्या ज्या मुली आणि मुलं घरी साबण, अत्तर, मसाले, लोणची करून विकतात, त्यांनी आपलं नाव तीन ठिकाणी लिहिलं पाहिजे. मालाच्या कागदावर, सरकारी परवान्यावर आणि बँकेच्या पासबुकावर.

पण आधी माझी चूक कबूल करते, कारण तिच्याशिवाय पुढचं बोलण्याचा मला हक्क नाही. मॅनेजरवर रागावून मी कायदा शोधायला बसले. आपल्यावर कसा अन्याय झाला, हे सिद्ध करायचं होतं. सापडलं ते वेगळंच. अंगाला लावायचा साबण हा १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात येतो. पूर्वी त्या कायद्याच्या व्याख्येतून साबण वगळलेला होता, १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आज २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू आहेत, आणि विक्रीसाठी साबण बनवायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव, जिथे बनतो तिथला पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी, बनवल्याचा महिना आणि वर्ष, कधीपर्यंत वापरायचा ते, हे सगळं असावं लागतं.

माझ्या कागदावर काय होतं? एक फूल, एक ब्रँडचं नाव, माझं नाव आणि फोन नंबर. दोन वर्षं मी परवान्याशिवाय साबण विकत होते. म्हणजे त्या मॅनेजरने उद्या खरंच ऑर्डर दिली असती आणि एखाद्या पाहुण्याच्या अंगावर पुरळ उठलं असतं, तर मी कुठल्या तोंडाने उभी राहणार होते?

पुरळ उठू शकतं, हेही लपवण्यात अर्थ नाही. साबण बनवणं म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया. आम्ही खोबरेल, राइस ब्रॅन, ऑलिव्ह आणि थोडं एरंडेल असं मिश्रण घेतो. १ किलो तेलाला साधारण १४० ग्रॅम कॉस्टिक लागतो. खोबरेल वाढवलं की कॉस्टिकही वाढतो, एरंडेल वाढवलं की कमी होतो, आणि पाचेक टक्के तेल मुद्दाम जास्तीचं ठेवावं लागतं. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. वजनात २० ग्रॅमची चूक झाली तर वडी दिसायला तशीच सुंदर निघते, पण कातडी जाळते. ओतल्यानंतर चार ते सहा आठवडे ती वाळवावी लागते. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की जुलैत साबणालाही घाम फुटतो. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि वडीवर थेंब जमतात. १ किलो तेलातून वाळल्यावर १०० ग्रॅमच्या बारा वड्या हाती लागतात. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव वर्षभरात दुपटीहून वर गेले, तेव्हा त्या बारा वड्यांतून मजुरीही सुटेना.

इतक्या नाजूक कामाला परवाना मागणारा कायदा माझा शत्रू नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

अडचणी आहेत. घराच्या स्वयंपाकघराला परवाना मिळत नाही, जागा राहत्या घरापासून वेगळी हवी. पण जाणकार माणूस म्हणून मोठा केमिस्टच पाहिजे असंही नाही. बारावीला रसायनशास्त्र घेऊन पास झालेली व्यक्ती चालते. आपल्या मोहल्ल्यांत बारावी सायन्स करून घरी बसलेल्या किती मुली आहेत, मोजून बघा. स्वतःची जागा नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक जागेत आपला माल बनवण्याचा, म्हणजे लोन लायसन्सचा, मार्गही आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. वस्तूंच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्यातच विकायचा असेल, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलांना आणि अल्पसंख्याकांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. हे सगळं उघड्यावर आहे. आपण तिकडे जात नाही, कारण "आपल्याला कोण देणार" हे आपण आधीच ठरवून बसलेले असतो. कधी ते खरंही ठरतं. पण अर्जच केला नाही, तर नकाराचा कागदही हातात येत नाही, आणि त्या कागदाशिवाय अपील होत नाही.

आता मामूंच्या सल्ल्याबद्दल. साबणात कुठली चरबी आहे हे जाणून घेण्याचा मुसलमान गिऱ्हाईकाला पूर्ण हक्क आहे. तो जैनाला आहे, शाकाहारी हिंदूला आहे, ज्याला पाम तेल नको त्यालाही आहे. या हक्कासाठी ओझैर हुसेन नावाचा नागरिक दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधनं आणि औषधं यांत प्राण्यापासून आलेला घटक आहे का, हे वेष्टनावर कळलं पाहिजे, अशी ती मागणी होती. २००२ मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्य केली. साबण उत्पादकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३ मध्ये तो आदेश रद्द झाला. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मागणारा मुसलमान होता, पण त्याने मागितलं सगळ्यांसाठी.

मला तीच वाट बरी वाटते. घटकांची पूर्ण यादी मराठीत लिहायची. सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाचा साबण, सोडियम पामेट म्हणजे पाम तेलाचा, सोडियम टॅलोएट म्हणजे जनावराच्या चरबीचा. एवढे तीन शब्द वाचता आले की गिऱ्हाईक स्वतः ठरवू शकतं. हलालचा शिक्का मारणाऱ्याला मी गुन्हेगार म्हणत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणित मालाच्या विक्रीवर बंदी घातली, ती मला चुकीचीच वाटते. पण कलौंजी, जैतून, खजुराचं नाव घेऊन "सुन्नत सोप, सर्व त्वचारोगांवर शिफा" असं छापणारे आपल्यातच आहेत, आणि त्यांना आपणच विचारलं पाहिजे. रोग बरा करण्याचा दावा केला की तो साबण राहत नाही, कायद्याच्या नजरेत औषध होतो. गिऱ्हाईकाच्या श्रद्धेवर धंदा करायचा आणि यादी मात्र लपवायची, ही फसवणूक आहे, मग गिऱ्हाईक आपलं असो की परकं.

राहिला नावाचा प्रश्न. कोणी म्हणेल, नाव छाप म्हणणं सोपं आहे, बहिष्काराच्या आवया उठतात तेव्हा चूल कोण पेटवणार? बरोबर आहे. भीती खोटी नाही. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या मार्गावर दुकानदारांनी नावं लावावीत असे आदेश निघाले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्यांना अंतरिम स्थगिती दिली. मग मी नाव लावा कशी म्हणते?

कारण नाव कशासाठी विचारलं जातंय, यात फरक आहे. तिथे नाव मागितलं जात होतं ते माणूस कुठला हे कळावं म्हणून. साबणाच्या नियमात नाव मागितलं जातं ते बिघाड झाला तर जबाबदार कोण हे कळावं म्हणून, आणि ते सगळ्यांकडून सारखंच मागितलं जातं. तिथे फर्मचं नावही चालतं. ज्याला पोटासाठी तेवढंच लिहावं लागेल, त्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण ज्याला शक्य आहे त्याने आपलं नाव लिहावं असं मला वाटतं.

यातला एक जुना किस्सा साबणाच्याच घराण्यातला आहे. १९ व्या शतकाच्या शेवटी मुंबईत अर्देशीर गोदरेज या तरुण पारशाने शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली. ब्रिटिश व्यापाऱ्याला माल पसंत होता, पण त्यावर 'मेड इन इंडिया' छापायला तो तयार नव्हता. अर्देशीरने तो धंदाच बंद केला. नंतर १८९७ मध्ये कुलपं आली, आणि पुढे १९२० च्या आसपास प्राण्याची चरबी न वापरता, वनस्पती तेलाचा साबण. त्या साबणाच्या जाहिरातीसाठी रवींद्रनाथ टागोरांनी आपलं नाव दिलं. पारशी समाज किती छोटा, ते आपल्याला ठाऊक आहे. तरी ते आडनाव आज प्रत्येक कपाटावर आहे. आपण गोदरेज नाही, पहिली ऑर्डर सोडणं आपल्याला जड जातं, हे मान्य. पण "माल हवा, नाव नको" हे वाक्य पहिल्यांदा आपल्यालाच ऐकावं लागलेलं नाही.

आणि शेवटी पासबुक. ही गोष्ट बाजारातली नाही, आपल्या घरातली आहे. साबण मी ढवळायचा, हात माझे भाजायचे, आणि गिऱ्हाईक पैसे पाठवायचं ते भावाच्या यूपीआयवर. दोन वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाऊ चांगला आहे, मागितले की देतो. पण माझ्याच कमाईचे पैसे मला मागावे का लागतात? रिसॉर्टवाल्याने माझं नाव पुसायला सांगितलं तेव्हा आम्ही सगळे चिडलो. घरात ते नाव कधी लिहिलंच नव्हतं, याची चीड कोणालाच आली नव्हती. मलाही नाही. उद्यम नोंदणी "अब्बूंच्या नावावर करू, सोपं पडतं" असं ऐकलं तर नकार द्या. सोपं पडतं ते त्यांना.

आता आमचं काय चाललंय ते सांगते. गावातल्या बंद पडलेल्या भाताच्या गिरणीची एक खोली आम्ही भाड्याने घेतली आहे. मी, माझी चुलत बहीण आणि ती आगरी मैत्रीण, अशी तिघींची भागीदारी आहे. बारावी सायन्स केलेली आमच्यात तीच, म्हणून जाणकार व्यक्ती म्हणून तिचं नाव लागलंय. तिने देऊ केलेलं नाव मी शेवटी घेतलं, पण माझ्या नावाच्या जागी नाही, माझ्या नावाशेजारी. परवान्याचा अर्ज गेलाय, तपासणी व्हायची आहे. तोवर विक्री बंद ठेवली आहे. तीन महिने झाले. घरचे कुरकुरतात, आणि मलाही रात्री झोप लागत नाही, कारण भाडं थांबत नाही.

नवा कागद मात्र छापून तयार आहे. पुढे फूल, मागे घटकांची यादी, फर्मचं नाव, पूर्ण पत्ता, आणि खाली "बनवणाऱ्या" म्हणून आमची तीन नावं. परवाना क्रमांकाची जागा कोरी आहे. क्रमांक आला की पहिला डबा घेऊन मी त्याच रिसॉर्टमध्ये जाणार आहे. ते घेतील की नाही माहीत नाही. नाही घेतले तर नेरळ, माथेरान, खोपोली, रस्त्यावर होमस्टे पुष्कळ आहेत.