जर्दाळूचं कौतुक, मुठेलाचा विसर!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या! सध्या आमच्या हॉस्टेलवर जर्दाळूच्या बियांच्या तेलाची बाटली रूम टू रूम फिरतेय. हिमाचलचं 'चुली' तेल. चांगलं आहे, वाद नाही. (त्या कडू बिया मात्र खाऊ नका हं, पोटात त्यांच्यापासून सायनाइड तयार होतं.)

पण रत्नागिरीत राहून हे? इथे रातांब्याच्या सालाची आमसुलं होतात. आणि बिया? माझी आजी त्या वाळवते, कुटते, पाण्यात उकळते. वर तरंगणारं तेल काढून घेते आणि थिजायला लागलं की मुठीत वळते. तेच मुठेल. टाचांच्या भेगांना लावा नाहीतर खा, दोन्ही चालतं. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक ॲसिड, वितळबिंदू 40 अंशांच्या आसपास, म्हणून मे महिन्यातही ते घट्टच. युरोपियन युनियनने 2000 साली चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ज्या सहाच वनस्पतींचं तेल 5 टक्क्यांपर्यंत चालेल म्हटलं, त्यात कोकम आहे. आंब्याची कोयसुद्धा!

खरी अडचण कुटण्यात आहे. आजीचा सबंध दिवस जातो, तरी चोथ्यात बरंच तेल राहतंच. आणि आपण फायनल इयरला काय करतो? पुन्हा लाइन फॉलोअर रोबोट! मेकॅनिकलच्या एकाला म्हटलं, चार घरांत मिळून परवडेल असं बिया फोडायचं छोटं मशीन कर, तर म्हणे, "हा काय प्रोजेक्ट आहे?"

का नाही? बिया मी आणून देते. फक्त पाऊस लागायच्या आत सांगा, नंतर त्या वाळत नाहीत.