हळदीची मूठ आणि कोंबडीचे पोट

गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी भर पावसात घरी आला. खानापूर तालुक्यात त्याची थोडी शेती आहे आणि तिला जोड म्हणून तीन हजार ब्रॉयलर पिल्लांची एक शेड आहे. श्रावणामुळे कोंबडीचा भाव पडलेला, त्यामुळे त्याची मुद्रा उतरलेली असणार असे मी गृहीत धरले. पण त्याने छत्री कोपऱ्यात ठेवून खिशातून दोन कागद काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "सर, एवढं वाचून सांगा की ओ. दोन्ही इंग्रजीत हाईत."

पहिला कागद म्हणजे कुण्या खाद्यविक्रेत्याचे पत्रक होते. हळद, लसूण, ओवा, तुळस यांची पूड कोंबडीच्या खाद्यात मिसळा आणि प्रतिजैविके कायमची विसरा, असा त्याचा मथितार्थ. दुसरा कागद त्याच्या आईच्या लघवीच्या तपासणीचा. त्यावर प्रतिजैविकांची नावे एकाखाली एक छापलेली आणि बहुतेकांच्या पुढे 'आर' हे एकच अक्षर. म्हणजे त्या माउलीच्या शरीरातील जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. त्या यादीतील एक नाव त्याच्या शेडमधील डब्यावरही होते, आणि दुसऱ्या एका औषधाचे सख्खे भावंड तो कोंबड्यांच्या पाण्यातून देत होता. आईचा आजार कोंबड्यांमुळेच जडला असे कोणीही छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. मीही म्हणत नाही. परंतु ते दोन कागद एकाच खिशातून निघाले, ह्या गोष्टीने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही.

मी मराठीचा शिक्षक. जंतुशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि ओळखीच्या एका पशुवैद्यांना गाठून व मिळेल ते वाचून जे उमजले, ते ह्या महिन्याच्या पानात वाचकांपुढे ठेवतो. आपल्या वाचकांत शाकाहारी पुष्कळ आहेत. त्यांनी पान उलटू नये. कोंबडखत आपल्या भाजीच्या मळ्यांतही पडते आणि त्यातील जंतू जानवे किंवा माळ पाहून थांबत नाहीत.

कोंबडीच्या खाद्यात प्रतिजैविक गेले कसे, ही कथा मोठी चमत्कारिक आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टॉकस्टॅड हे पिल्लांना ब-१२ जीवनसत्त्व कोठून द्यावे ह्याचा शोध घेत होते. ऑरिओमायसिन तयार करताना मागे उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना चारला, तेव्हा पिल्ले अपेक्षेहून अधिक वाढली. ती वाढ केवळ जीवनसत्त्वाची नव्हती, तर चोथ्यात राहिलेल्या औषधाच्या अंशाची होती! रोग नसतानाही रोज थोडे औषध खाऊ घालण्याची प्रथा तेथून जगभर गेली. खरे पाहता पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात बजावले होते की, अपुऱ्या मात्रेशी गाठ पडलेले जंतू त्या औषधाला निर्ढावतात. आमच्या शाळेत रोज एकेक छडी खाणारी मुले छडीला भीत नाहीशी होत, तसेच हे. (छडी मी केव्हाच टाकून दिली, हे नमूद करणे अवश्य.)

पुढे युरोपला जाग आली. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी प्रतिजैविके देणे बंद केले. डेन्मार्कच्या कोंबडीपालकांनी १९९८ साली ती आपण होऊन सोडली आणि १ जानेवारी २००६ पासून संपूर्ण युरोपीय संघात त्यांवर बंदी आली. डेन्मार्कमध्ये कोंबड्या पटापट मरतील असे भाकीत होते. ते खोटे ठरले. एक किलो वजनासाठी लागणारे खाद्य किंचितच वाढले. मात्र तेथेही रक्ती हगवणीसाठी आयनोफोर नावाची औषधे खाद्यात चालूच राहिली, हे सांगितले नाही तर अर्धसत्य होईल.

आपल्याकडे २०१४ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट ह्या संस्थेने दिल्ली परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले. त्यांपैकी ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. माणसासाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांच्या खाद्यातून जात होते. २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने त्याचा पशुपालनातील वापर बंद केला.

आता त्या पत्रकातील हळदीकडे वळू. हळद, लसूण, ओवा ह्यांत जंतूंना आवर घालणारी द्रव्ये आहेत हे निःसंशय. ओव्यातील थायमॉल काचेच्या बशीत जंतू मारते. परंतु काचेची बशी वेगळी आणि कोंबडीचे आतडे वेगळे. हळदीतील करक्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे उतरते; शिवाय वनस्पतीतील तेल जमिनीगणिक आणि हंगामागणिक बदलते, त्यामुळे एका प्रयोगात लाभ दिसतो तर दुसऱ्यात दिसत नाही. माझी आजी मानमोडीची साथ आली की कोंबड्यांना कांदा व हळद भरवीत असे. खुराडे तरीही रिकामे होई. मानमोडी विषाणूचा रोग. त्याला लसच हवी.

मला सर्वांत मौज वाटली ती फिनलंडच्या एका प्रयोगाची. पूर्वी पिल्लू आईच्या पंखाखाली वाढे, तिच्या विष्ठेत चोच मारी आणि त्यातून आतड्यातील उपकारक जंतू त्याला आपोआप मिळत. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई नाही, तेव्हा तो वारसाही नाही. त्याच्या रिकाम्या आतड्यात पहिला येईल तो बिऱ्हाड करतो. एस्को नुर्मी ह्या शास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिले की, मोठ्या कोंबडीच्या आतड्यातील द्रव्य पिल्लांना पाजले तर साल्मोनेला जंतूला पाय रोवायला जागा उरत नाही. आज बाजारात मिळणारी उपकारक जंतूंची पूड, म्हणजे प्रोबायोटिक, त्याच विचाराची. त्याखेरीज पाण्यात मिसळायची सेंद्रिय आम्ले, यीस्टच्या कवचातील शर्करा आणि खाद्य पचवणारी विकरे हीही उपयोगी पडतात. पण ती औषधे नव्हेत, आजारी पक्ष्याला बरे करण्याचे सामर्थ्य त्यांत नाही.

हे सारे मी त्याला सांगण्यापूर्वीच त्याने पत्रकावर विश्वासून आपला प्रयोग करून टाकला होता! आईचा कागद हाती पडताच सगळ्या बाटल्या बंद, आणि सांगलीची हळद मुठीमुठीने खाद्यात. तिसऱ्या आठवड्यात मरतुक लागली. पशुवैद्य शेडमध्ये गेले, त्यांनी तुसाची मूठ उचलून आवळली, तर तिचा लाडू झाला. ते म्हणाले, "दोष हळदीचा नव्हे, ह्या ओल्या गादीचा. इतके दिवस औषध ही ओल झाकत होते." खानापूरच्या पावसात तीन हजार कोंबड्यांच्या तुसाची गादी कोरडी ठेवणे म्हणजे काय दिव्य आहे, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. त्या लॉटमध्ये आजारी पक्ष्यांना रीतसर औषध द्यावे लागलेच.

पुढच्या लॉटला त्याने पाण्याची भांडी पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांगली, गळके पत्रे बदलले, तूस रोज हलवून त्यात चुना मिसळला, तीन हजारांऐवजी अडीच हजारच पिल्ले घेतली, पाण्याची टाकी धुतली, आणि पहिल्या दिवसापासून प्रोबायोटिक दिले. हळद चिमूटभर ठेवली. ती मी काढायला सांगितली नाही. मरतुक आटोक्यात राहिली. पक्षी दोन किलोंवर जायला तीन दिवस अधिक लागले, आणि त्या तीन दिवसांच्या खाद्याचा खर्च त्याच्याच अंगावर पडला. कारण घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने औषधाविना वाढवलेल्या कोंबडीला किलोमागे एक रुपयाही अधिक दिला नाही. त्याच्या गावातील इतर पालक तर कंपनीच्या करारावर पिल्ले वाढवतात. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधही कंपनीचे. खाद्याच्या पोत्यात काय आहे हे ते विचारू शकत नाहीत आणि विचारले तरी बदलू शकत नाहीत. ह्या मंडळींना निसर्गोपचाराचा उपदेश करणारे लेख वाचले की मला संकोच वाटतो. उपदेश पोत्याच्या मालकास करावयास हवा.

परवा तो पुन्हा आला. आई बरी आहे, मात्र पंधरा दिवस रुग्णालयात सुया घ्याव्या लागल्या. नव्या लॉटसाठी त्याने दोनशे पानी वही आणली होती आणि तीत रकाने आखून देण्याची मला विनंती केली. मी आखून दिले : तारीख, मरतुक, खाद्य, दिलेले औषध, कशासाठी दिले, कोणी सांगितले, आणि औषध थांबवल्यापासून विक्रीपर्यंतचे दिवस. शेवटच्या रकान्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सर, हे व्यापारी बघंल काय ओ?" मी म्हटले, "तू भर तर खरा." पिल्ले बुधवारी यायची आहेत.